बुधवारची पंगत

डोरीन नॅट्रसला एका माणसाचा स्वयंपाक जमत नसे. थॉर्नहोपच्या शाळेत बत्तीस वर्षं तिनं मुलांची दुपारची जेवणं रांधली. मग पोरंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, त्याच वर्षी तिचा नवरा लेन गेला, आणि घरात एकच ताट राहिलं. हाताला मात्र सवय मोठ्या पातेल्यांची. बटाटे सोलायला बसायची आणि भानावर यायची तोवर समोर ढीग झालेला असायचा. एकदा शेजारणीला ती हसत म्हणाली, "अगं, आज पण अख्ख्या गावाला पुरेल एवढं करून बसलेय." शेजारीण काही हसली नाही. म्हणाली, "मग अख्ख्या गावाला घाल की."

असं ते सुरू झालं. दर बुधवारी बारा वाजता, चॅपलला, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनागृहाला, लागून असलेल्या हॉलमध्ये. लांब टेबलं जोडून मांडायची, वर मेणकापड घालायचं, आणि खिमा आणि त्यात शिजवलेले पिठाचे गोळे, म्हणजे डंपलिंग, मटण-बटाट्याचं हॉटपॉट, शेवटी तांदळाची खीर किंवा कस्टर्ड, जे असेल ते वाढायचं. येणारे चौदा जण. बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढचे आणि सगळे एकटे. खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला थॉर्नहोप. बस दिवसातून दोनदा, दुकान नाही, पबची दारं फळ्या ठोकून बंद केलेली. आठवड्यातून एकदा दुसऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत जेवायचं, तर ती जागा एवढीच होती.

टेबलाच्या टोकाला, मानाच्या जागी, रेनबाई बसायच्या. वय एक्याण्णव. पंगतीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं आणि ते त्या अजून विसरल्या नव्हत्या. "कोपरं खाली, क्लिफर्ड," असं त्या दर बुधवारी म्हणायच्या, आणि एकोणऐंशी वर्षांचा क्लिफ व्हायपॉन्ड मुकाट्यानं कोपरं खाली घ्यायचा. क्लिफनं चुनखडीच्या खाणीत अडतीस वर्षं काढली, शेवटची बारा मुकादम म्हणून. पंगतीचा खजिनदार तो, चिटणीसही तोच, आणि "डंपलिंग आज जरा हलकी झाली हं, वर दगड ठेवा नाहीतर उडून जातील" असं म्हणून डोरीनला चिडवणाराही तोच.

सप्टेंबरात हॉल गरम ठेवणारा बॉयलर तपासायला माणूस आला. अर्धा तास खुडबुड केली, मान हलवली, नळीला लाल चिठ्ठी बांधली आणि तेलाची चावी बंद करून गेला. हा बॉयलर परत पेटवायचा नाही. नवा बसवायचा तर पाच हजार पौंडांच्या आसपास. हॉलच्या विश्वस्तांनी साफ सांगितलं, पैसे नाहीत. नोव्हेंबर संपेपर्यंत सोय झाली तर ठीक, नाहीतर वसंतापर्यंत हॉलला कुलूप. थॉर्नहोपच्या हिवाळ्यात त्या दगडी भिंतींच्या आत ऐंशी-नव्वदीच्या माणसांना बसवणं म्हणजे त्यांना मारणंच.

"फाउंडेशनकडे मागू," विश्वस्तांपैकी नॉर्मन पिअर्ट म्हणाला. नॉर्मन मेंढपाळ, लहानपणी शाळेत डोरीनच्या वर्गातला. "तो पैसा आहे कशासाठी?"

पैसा होता तो खाणीचाच. खाण बंद करताना कंपनीनं खोऱ्यासाठी एक रक्कम ठेवली आणि ती सांभाळायला जिल्ह्याच्या कम्युनिटी फाउंडेशनकडे दिली. मूळ रकमेला हात न लावता तिच्या उत्पन्नातून फाउंडेशन वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये, खोऱ्यातल्या मंडळांना अनुदानं देई. कुणाला द्यायचं ते खोऱ्यातल्याच सात माणसांचं पॅनेल ठरवी. डोरीन त्या सातांपैकी एक, नऊ वर्षांपासून. गावच्या क्रिकेट क्लबाला गवत कापायचं यंत्र, तान्ह्या बाळांच्या आयांना खेळणी, बँडला नवा ट्यूबा, अशा गोष्टी तिनं हात वर करून मंजूर केल्या होत्या. स्वतःचा नसलेला पैसा हक्काच्या माणसाच्या हातात ठेवायचा, याहून सुखाचं काम तिला माहीत नव्हतं.

त्या कामाचा एक नियम होता. ज्या अर्जाशी आपला संबंध, त्याला शिवायचं नाही. लिहायचा नाही, वाचायचा नाही, त्याची चर्चा निघाली की उठून बाहेर जायचं. मागं एकदा एका सभासदानं भावाच्या बोलिंग क्लबाचा अर्ज हळूच सुधारून दिला होता. तेव्हा सगळ्यांत कडक शब्दांत त्याला कोण बोललं असेल, तर डोरीन.

म्हणून अर्ज क्लिफनं लिहिला. तीन दिवस लिहीत होता. चौथ्या दिवशी दुपारी तो कोट घालून, केस पाण्यानं बसवून डोरीनच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हातात पाकीट.

"झाला बघ. पोस्टात टाकायच्या आधी एकदा नजर घाल."

"मला दाखवू नका, क्लिफ."

"अगं, नुसतं स्पेलिंग बघ. रेनबाईंच्या कानावर गेलं तर माझी काही खैर नाही."

"स्पेलिंगसुद्धा नाही. मी पॅनेलवर आहे. तुम्ही नॉर्मनला दाखवा."

"नॉर्मनला दाखवला. तो 'छान' म्हणाला. नॉर्मन मेंढीच्या लोकरीलाही छान म्हणतो आणि तिच्या लेंड्यांनाही."

डोरीन हसली, पण तोंड खिडकीकडे फिरवून उभी राहिली. क्लिफनं पाकीट टेबलावर ठेवलं. चहा घेतला, आल्याचं बिस्किट बुडवून खाल्लं. पाकीट तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, बंद न केलेलं. तिनं ते उचललं नाही. जाताना क्लिफ म्हणाला, "असं प्रामाणिक माणूस खाणीत असतं तर आम्ही त्याला पहिल्याच आठवड्यात हाकललं असतं." पण त्याला तिचं कौतुकच वाटलं होतं. तिला स्वतःलाही, खरं सांगायचं तर, थोडं वाटलं होतं.

बैठक खालच्या गावातल्या वाचनालयात होती. अध्यक्ष फिलिपा. शहरात मोठ्या हुद्द्यावर काम करून आलेली, कामाला चोख आणि मनानं चांगली बाई. प्रत्येकाच्या चहात साखर किती ते तिच्या लक्षात असे. सहावा अर्ज आला तेव्हा तिनं चष्म्यावरून बघितलं. "थॉर्नहोपचा बॉयलर. डोरीन, नॉर्मन, तुम्हा दोघांचा संबंध येतो. दहा मिनिटं बाहेर बसता का, प्लीज?"

नॉर्मनही आता पॅनेलवर होता; क्लिफचा अर्ज गेल्यानंतर एका रिकाम्या जागी तो आला होता. वरच्या अंगाचे, थॉर्नहोपकडचे असे दोघंच, आणि दोघंही उठले. मागं राहिलेले पाच खोऱ्याच्या खालच्या अंगाचे. त्यातल्या तिघांना तर इथं घर घेऊन जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती.

बाहेर मुलांच्या पुस्तकांचा कोपरा होता आणि बसायला वीतभर उंचीच्या रंगीत खुर्च्या. नॉर्मन पिवळ्या खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

"आता उठायला क्रेन लागेल."

"बडबडू नकोस. आत ऐकू जाईल."

"काय ऐकू जाईल? काही काळजी करू नकोस, डोरीन. अर्ज चांगला आहे. क्लिफनं मला सगळा वाचून दाखवला. चौदा जणांची वयं लिहिलीत, तू कधीपासून करतेस ते लिहिलंय. एका पैशाची लबाडी नाही."

"गरजेचं काय लिहिलंय?"

"कसल्या?"

"शेवटचा प्रश्न रे. अनुदान मिळालं नाही तर काय होईल?"

"हां, तो." नॉर्मननं टोपी गुडघ्यावर सरळ केली. "तिथं लिहिलंय, कुणाचं काही अडणार नाही. आजवर भागवलंय, पुढंही भागवू."

डोरीन त्याच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?"

"एवढंच?"

"मग काय, रडगाणं गायचं? 'म्हातारी माणसं उपाशी मरतील हो' असं लिहायचं? क्लिफ व्हायपॉन्डनं? अगं, बापाच्या मयतीला चर्चनं देऊ केलेले पैसे परत करणारा माणूस तो. मला तर वाचून बरं वाटलं. आपण काय दारोदार फिरणारे आहोत?"

थॉर्नहोपमध्ये कुणी पाय मोडून पडलं, आणि शेजाऱ्यानं दार वाजवून विचारलं की काही हवंय का, तर आतून हेच उत्तर येतं. आणि शेजारी ते ऐकून परत जात नाही, कोळसा आणि सूप घेऊन आत येतो. वरच्या खोऱ्यात सगळ्यांना हे कळतं. लेन शेवटच्या आठवड्यात डॉक्टरलाही असंच म्हणाला होता.

पण आत टेबलावर गुण मांडले जातात. चार रकाने, प्रत्येकाला पाचपैकी. त्यात गरजेचा रकाना दुप्पट धरतात. आणि गुण द्यायचे ते कागदावर असेल त्यावरूनच. आपल्याला खासगीत काय ठाऊक आहे ते मध्ये आणायचं नाही. नाहीतर ज्याच्या ओळखी जास्त त्याचंच काम होईल. हा नियम चांगला होता. डोरीननं त्याच्या बाजूनं मत दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांच्या मंडळानं याच प्रश्नाला "आम्ही सांभाळून घेऊ" असं लिहिलं, तेव्हा तिनं स्वतः पाचपैकी एक गुण देऊन पान उलटलं होतं. 'त्यांना फारशी गरज दिसत नाही,' असं ती म्हणालीही होती. ते शब्द आता तिच्याच तोंडात कडू होऊन फिरले.

ती उठून दारापाशी गेली. दाराला काचेची उभी पट्टी होती. आत फिलिपा कागद हातात धरून काही वाचत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, मायेचं. शेजारचा माणूसही मान डोलावून हसला. त्यांना क्लिफ आवडला होता. ते डोरीनला लांबूनही दिसत होतं.

तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"डोरीन." नॉर्मन उठायला धडपडत होता. "ए बाई, वेड लागलं का? आत गेलीस तर अर्जच बाद होईल."

"त्यांना कळलं नाहीये रे. त्यांना वाटतंय खरंच अडणार नाही."

"मग क्लिफला फोन करू?"

"करून काय? मुदत संपून तीन आठवडे झाले."

दार ढकललं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानं अर्जही गेला असता आणि नियमही, आणि त्या भावाच्या क्लबवाल्याला ती जे बोलली होती तेही. ती मुठीवरून हात काढून परत लाल खुर्चीवर बसली. समोरच्या फळीवर सशाचं चित्र असलेलं पुस्तक होतं. तिनं ते उघडलं, बंद केलं, परत उघडलं. नॉर्मनला आता कुठं उमगत होतं, आणि त्याचे कान लाल झाले होते.

दहा मिनिटांनी दोघांना आत बोलावलं. त्या अर्जाचं काय झालं हे कुणी सांगणार नव्हतं. पत्र जाईपर्यंत सांगायचं नाही हाही नियमच. फिलिपानं पुढचा कागद घेतला आणि सहज म्हणाली, "आपल्याकडे अपेक्षेपेक्षा जास्त शिल्लक आहे. तेव्हा यांना पूर्ण रक्कम देता येईल."

डोरीनला गणित करावं लागलं नाही. ती शिल्लक बॉयलरचीच होती.

पुढचा अर्ज खालच्या एका गावाचा, पायवाटांवर माहितीचे फलक लावण्याचा. सुंदर लिहिलेला, टक्केवारीसकट. फलक नसतील तर वृद्ध आणि नवे रहिवासी एकाकी पडतील, समाजाची वीण उसवेल, असं शेवटच्या प्रश्नाखाली दोन परिच्छेदांत लिहिलं होतं. त्या गावात तीन कॅफे होते. डोरीननं अर्ज दोनदा वाचला. कागदावर होतं ते खरंच चांगलं होतं, आणि गुण कागदाला द्यायचे. तिनं गरजेखाली चार लिहिले. मतदानाला तिचा हात वर गेला तेव्हा नॉर्मननं तिच्याकडे असं बघितलं, जसं कुणी चुकून भलत्याच घरात शिरलेल्या बाईकडे बघावं.

पुढच्या बुधवारी चौदा जण कोट घालून जेवायला बसले. टेबलाखाली दोन छोटे हीटर घरघरत होते. तिसरा लावला की हॉलचे दिवे जात. क्लिफ खुशीत होता.

"प्लंबरला सांगून ठेवलंय मी. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा राखून ठेव म्हटलं."

"थोडं थांबा ना, क्लिफ. पत्र तर येऊ दे."

"येईल गं. तुला ठाऊक असेल की काय झालं ते."

"मी बाहेर बसले होते."

"बघा, बघा!" क्लिफ सगळ्यांना म्हणाला. "चोरी न केलेल्या माणसाचं तोंड असं असतं. तरी चोरासारखं दिसतंय."

सगळे हसले. रेनबाई म्हणाल्या, "तोंडात घास असताना बोलू नये, क्लिफर्ड." डोरीन कस्टर्डचा जग आणायला आत गेली आणि तो ओट्यावर तयार असूनही बराच वेळ आतच राहिली.

पत्र आणखी दहा दिवसांनी आलं. क्लिफनं ते घरी फोडलं नाही. बुधवारी हॉलमध्ये आणलं, लोण्याच्या सुरीनं फोडलं आणि उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला. थॉर्नहोपच्या मंडळाचा स्वावलंबी स्वभाव पाहून पॅनेल फार प्रभावित झालं आहे. असं मंडळ खोऱ्याचं भूषण आहे. इथं दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मात्र निधी मर्यादित असल्यानं, ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही अशांना या वेळी प्राधान्य द्यावं लागलं.

क्लिफ शेवटची ओळ परत वाचायला लागला आणि मध्येच थांबला. कागदाची घडी घालून खिशात ठेवताना त्याला खिसा सापडेना.

"तू काय लिहिलं होतंस, क्लिफर्ड?" रेनबाईंनी विचारलं.

त्यानं सांगितलं. शाळेत उभं करून विचारावं तसं सांगितलं.

बाईंनी काटा खाली ठेवला. "बरोबर आहे. मीसुद्धा तेच लिहिलं असतं."

टेबलाभोवती माना हलल्या. कुणी म्हणालं, आपल्यापेक्षा वाईट दिवस असलेली माणसं आहेत जगात. कुणी म्हणालं, देऊ दे त्यांना. डोरीन पळी हातात धरून उभी होती. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर? क्लिफवर? फिलिपावर, जी इतकी मायेनं हसली होती? की स्वयंपाकघरातल्या त्या बाईवर, जी उघड्या पाकिटाकडे पाठ करून उभी होती? तिनं क्लिफच्या ताटात एक डंपलिंग जास्त वाढलं. त्यानं मान वर केली नाही. चिडवलंही नाही.

त्या संध्याकाळी तिनं फिलिपाला पत्र लिहून पॅनेल सोडलं, म्हणजे मार्चचा अर्ज स्वतः लिहिता येईल. फिलिपाचा लगेच फोन आला. "डोरीन, तुमच्यासारखं माणूस गमावणं आम्हाला परवडणार नाही हो. काही चुकलं का आमचं?"

"नाही," डोरीन म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही." आणि ते खरंच होतं, हीच पंचाईत होती.

डिसेंबर लागला आणि हॉलला कुलूप पडलं. बॉयलर मंजूर झाला तरी आता एप्रिलआधी बसणार नव्हता. डोरीन घरीच रांधायला लागली. चौदा झाकणाचे डबे, वर फॉइल, टॉवेलमध्ये गुंडाळून नॉर्मनच्या गाडीत. दोघं मिळून दर बुधवारी वाटत निघायचे. उंचावरच्या घरांपर्यंत बर्फातून जायचं, दार वाजवायचं. दार थंडीमुळे जेमतेम हातभर उघडायचं, डबा आत जायचा, "थँक यू गं" यायचं, दार लागायचं. क्लिफ तर दाराबाहेर रिकामा डबा धुऊन ठेवायचा आणि पडद्यामागून हात हलवायचा. समोर यायचा नाही. कोट घालून हॉलमध्ये हसत जेवलेली माणसं आपापल्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून जेवू लागली. एक जण जानेवारीच्या सुरुवातीला मुलीकडे गेला तो परत आला नाही. डोरीन आता तेरा डबे भरी.

जानेवारीच्या तिसऱ्या बुधवारी ती रेनबाईंच्या दाराशी उभी राहिली. बाईंनी दार पुरतं उघडलं. अंगावर शाल, शालीवर कोट. डबा घेतला, पण दार लावलं नाही.

"गरम आहे," डोरीन म्हणाली. "लगेच खा, बाई."

"आज काय काय बोलणं झालं?"

"कुठं?"

"इतरांकडे. क्लिफर्ड काय म्हणाला? त्याचा गुडघा कसा आहे? आणि ती हिल्डा, तिचं मांजर सापडलं का?"

मागं नॉर्मननं इंजिन चालू ठेवलं होतं. अजून सहा घरं राहिली होती, आणि टॉवेलमधल्या डब्यांची वाफ काचेवर बसून विरत चालली होती. क्लिफ आजही दारात आला नव्हता. मांजराचं तिनं कुणाला विचारलंच नव्हतं, थांबायला वेळच नव्हता.

"सापडलं, बाई," डोरीन म्हणाली.

"कुठं?"

नॉर्मननं हॉर्न वाजवला, हलकाच. डोरीननं त्याला हातानं थांब अशी खूण केली आणि उंबऱ्याच्या आत एक पाय ठेवून, मांजर कुठं सापडलं ते सांगायला लागली.